संरक्षण उद्योग वाढवायचा तर ऑर्डर तुटता कामा नये

भोसरी_मिलिंग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

२०२४-२५ मध्ये देशातलं संरक्षण उत्पादन १,५०,५९० कोटी रुपयांवर गेलं. २०१९-२० मध्ये ते ७९,०७१ कोटी होतं. निर्यात २३,६२२ कोटींची झाली, २०१३-१४ साली ती ६८६ कोटी होती. असे आकडे आले की चर्चा एकाच दिशेने जाते : अमुक तोफ किती टक्के स्वदेशी, तमुक विमान किती टक्के. मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. हा उद्योग तगणार की नाही, हे एक ऑर्डर संपल्यावर दुसरी कधी येते यावर ठरतं, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही.

माझं भोसरीत छोटं मशीन शॉप आहे. वाहन उद्योगाचं जॉबवर्क नेहमीचं, अधूनमधून मोठ्या कंपन्यांकडून संरक्षणाचं काम येतं. तोफेचं उदाहरण घेतो, कारण त्यातलं थोडंफार कळतं आणि पुण्याचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

मार्च १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला. पुढच्याच वर्षी लाचेचं प्रकरण बाहेर आलं. तोफ उत्तम होती, कारगिलमध्ये सगळ्या देशाने ते पाहिलं. करारासोबत तंत्रज्ञानाची कागदपत्रंही आली होती. पण त्या प्रकरणाचा धसका असा बसला की पुढे तीसेक वर्षं लष्कराला १५५ मिमी नळीची एकही नवी तोफ मिळाली नाही. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीत के-९ वज्र आणि एम-७७७ दाखल झाल्या तेव्हा कुठे ती कोंडी फुटली. बोफोर्सच्या त्याच कागदपत्रांच्या आधारावर जबलपूरला 'धनुष' तयार झाली. तिच्या पहिल्या सहा तोफा लष्कराच्या हातात पडल्या एप्रिल २०१९ मध्ये.

आता एटॅग्ज ही नवी देशी तोफ बघा. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये काम हाती घेतलं, भारत फोर्ज आणि टाटा यांना सोबत घेऊन. २०१७ मध्ये पोखरणला ४८ किलोमीटरपर्यंत मारा केला. २०२० मध्ये चाचणीत बॅरल फुटली, तपास झाला, सुधारणा झाल्या. हे सगळं रास्तच, तोफेमागे आपलीच माणसं उभी असतात, चाचण्या कडकच हव्यात. १५ ऑगस्ट २०२२ ला लाल किल्ल्यावर तिने सलामी दिली. आणि ३०७ तोफांच्या करारावर सही झाली २६ मार्च २०२५ रोजी. ६० टक्के तोफा भारत फोर्ज देणार, ४० टक्के टाटा.

या बारा वर्षांत प्रोटोटाइपचे भाग करणाऱ्या लहान शॉपचं काय होतं? प्रोटोटाइपला लागतात दोन-चार नग. त्यासाठी फिक्स्चर (भाग मशीनवर पक्का धरणारी पकड) बनवायचं, टूल आणायचं, ऑपरेटर तयार करायचा, पहिल्या नगाची तपासणी पास करायची. मग वर्षानुवर्षं काही नाही. फिक्स्चर रॅकवर गंजतं. तयार केलेला ऑपरेटर चार पैसे जास्त मिळतात म्हणून चाकणला जातो, त्याला दोष देता येत नाही. बँक मात्र मशीनचा हप्ता थांबवत नाही. शेवटी मोठी ऑर्डर येते तेव्हा आपण पुन्हा पहिल्यापासून शिकत असतो.

पैशाचं दुखणं वेगळंच. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करावं असा कायदा आहे. पण दिवस मोजायला लागायचं माल स्वीकारल्यापासून. माल दारात पडलेला असतो, तपासणीसाची तारीख मिळत नाही, म्हणून माल स्वीकारलेला नाही, म्हणून बिल नाही. एका बड्या गिऱ्हाइकाकडे माझे पैसे असे अडकले की पुढच्या कामाचा कच्चा माल उधारीवर आणावा लागला. तक्रारीसाठी पोर्टल आहे. पण ज्याच्याकडून पुढचं काम हवं, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार?

चांगलं उदाहरणही देतो. डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे युनिटशी तोफगोळ्यांच्या इलेक्ट्रॉनिक फ्यूजसाठी (गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा भाग) ५,३३६ कोटींचा करार केला. लष्कराची दहा वर्षांची गरज एका करारात. असा करार हाती असला की वरची कंपनी खालच्या पुरवठादाराला दोन-तीन वर्षांची पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, देऊ शकते. ती दाखवली की बँक कर्ज देते, मशीन येतं, आयटीआय झालेल्या दोन पोरांना कायमचं काम मिळतं. सुरक्षा आणि आर्थिक वाढ या दोन गोष्टी हातात हात घालून जातात असं आपण म्हणतो, ते खरं ठरायचं तर असंच ठरेल.

ज्यांनी सरकारी कारखान्यात, गोदीत, विमानाच्या कामात उमेदीची वर्षं घातली आहेत त्यांनी जरूर लिहावं. विरोधी मतंही येऊ द्या.

जुना_वरणगावकर

भोसरीदादा, सरकारी बाजूने मी लिहितो. सगळी नोकरी ऑर्डनन्समध्ये, म्हणजे सरकारी शस्त्र-दारूगोळा कारखान्यात गेली.

महाराष्ट्रात दहा ऑर्डनन्स फॅक्टऱ्या. खडकीत दोन, अंबरनाथला दोन, देहूरोड, भुसावळ, वरणगाव, भंडारा, चांदा आणि नागपूरची अंबाझरी. खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ सालची आहे. लोकांना वाटतं तोफेचा गोळा एका कारखान्यात बनतो. तसं नसतं. रिकामा गोळा एकीकडे, प्रोपेलंट (गोळा नळीतून फेकणारी दारू) दुसरीकडे, फ्यूज तिसरीकडे, भरणी चांद्यासारख्या ठिकाणी. एका ठिकाणचा लॉट प्रूफमध्ये, म्हणजे चाचणीत, नापास झाला की भरणीवाले बसून राहतात. आणि ओरड होते ती भरणीवाल्यांच्या नावाने.

आम्हाला लष्कराकडून इंडेंट, म्हणजे मागणीपत्र यायचं. वर्षाचं बजेट जसं, तसा आकडा वरखाली. पुढे पाच वर्षांचा इंडेंट द्यायला सुरुवात झाली, ते पाऊल चांगलंच होतं. पण फॅक्टऱ्यांकडूनही ठरलेलं उत्पादन पूर्ण निघालं नाही, कॅगने ते अहवालात मांडलं. दोष एकाच बाजूला टाकून चालणार नाही, आमच्यातही ढिलाई होती.

१ ऑक्टोबर २०२१ ला ४१ फॅक्टऱ्यांचं बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय खडकीला, यंत्र इंडियाचं नागपूरला. युनियनचा विरोध होता, माझाही होता, आणि त्याचं कारण नुसतं नोकरीचं नव्हतं. लढाई नसते तेव्हा दारूगोळा कमी लागतो. तेव्हा नफ्यातोट्याच्या हिशेबावर चालणारी कंपनी ती यंत्रं आणि ती माणसं सांभाळेल का? कारगिलच्या वेळी बाहेरून दारूगोळा घाईघाईत, मिळेल त्या भावाने आणावा लागला. शांततेत काही क्षमता रिकामी ठेवायला खर्च येतो. तो सरकारने बजेटमध्ये उघडपणे दाखवावा आणि द्यावा. कंपनीच्या ताळेबंदात तो तोटा म्हणून दिसला की कुणीतरी एक दिवस ती लाइन बंद करणार.

गोदीवाली

ऑर्डर तुटली की काय होतं याचा सगळ्यात मोठा दाखला मुंबईतच आहे. पाणबुड्या.

१९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन तिकडे बांधायच्या, दोन माझगाव डॉकमध्ये. 'शाल्की' १९९२ मध्ये नौदलात आली, 'शंकुल' १९९४ मध्ये. आपल्या वेल्डरनी प्रेशर हल, म्हणजे पाण्याचा दाब पेलणारं पाणबुडीचं कवच, जोडला. हे काम साध्या जहाजाच्या वेल्डिंगसारखं नाही. पोलाद आधी ठरावीक तापमानाला गरम करायचं, जोड भरताना ते तापमान सुटू द्यायचं नाही, प्रत्येक जोडाची रेडिओग्राफी करायची. हलच्या गोलाईत थोडा फरक पडला तरी खोल पाण्याचा दाब तो हल पेलणार नाही. जगात मोजक्याच देशांच्या गोद्यांना हे जमतं, आणि आम्हाला ते जमलं होतं.

आणखी दोन बांधायचा विचार होता. तेवढ्यात त्याही व्यवहारात दलालीचे आरोप झाले आणि विषय संपला. पुढचा, म्हणजे फ्रान्सच्या स्कॉर्पीनचा करार झाला २००५ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत माणसं निवृत्त झाली, आखातात गेली, दुसऱ्या कामावर लागली. म्हणून सगळं नव्याने शिकावं लागलं. पहिली 'कलवरी' नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये. भ्रष्टाचाराची चौकशी व्हायलाच हवी, दोषींना शिक्षाही हवी. पण शिक्षा झाली ती शॉप फ्लोअरला आणि नौदलाला.

सहावी 'वाघशीर' १५ जानेवारी २०२५ ला दाखल झाली. त्या दिवशी पुढच्या सहा पाणबुड्यांचा करार सहीविना पडून होता, आणि त्याची निविदा निघाली होती जुलै २०२१ मध्ये. वेल्डिंग बे रिकामी व्हायला वेळ लागत नाही. हे पुन्हा घडताना बघून फार त्रास होतो.

आता याच गोदीची दुसरी बाजू. युद्धनौकांच्या बाबतीत असा खंड पडला नाही. पहिली 'निलगिरी' १९७२ ची, आराखडा ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गाचा. १९८३ ची 'गोदावरी' आपल्या आराखड्याची. मग १९९७ ची 'दिल्ली', २०१४ ची 'कोलकाता', २०२१ ची 'विशाखापट्टणम'. सगळ्या माझगावच्या. नौदलाने स्वतःची डिझाइन शाखा साठच्या दशकापासून सांभाळली, एक वर्ग संपायच्या आत पुढचा कागदावर असायचा. परिणाम समोर आहे. ज्या दिवशी 'वाघशीर' आली त्याच दिवशी 'सुरत' आणि नवी 'निलगिरी' याही आल्या. गोदी तीच, गाव तेच. एका कामात सातत्य राहिलं, दुसऱ्यात राहिलं नाही.

पोलादाचंही सांगते. युद्धनौकेचं खास पोलाद आधी बाहेरून यायचं आणि वेळेवर येईना. मग हैदराबादच्या डीएमआरएल प्रयोगशाळेने आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीने मिळून डीएमआर-२४९ए विकसित केलं. 'विक्रांत'ला त्यातलं सुमारे ३०,००० टन पोलाद लागलं. एवढी खात्रीची मागणी नौदलाने दिली, म्हणून सेलने ते करायला घेतलं.

वास्को_बंदर

गोदीवाली ताईंना पूर्ण दुजोरा. गोवा शिपयार्डचंही तेच. तटरक्षक दलासाठी गस्ती जहाजं सलग बांधत गेले, त्या जोरावर श्रीलंकेच्या नौदलाला 'सयुराला' आणि 'सिंदुराला' बांधून दिली. वास्कोत आसपासच्या कितीतरी छोट्या फॅब्रिकेटरांची घरं त्यावर चालतात. खाणी बंद पडल्या त्या वर्षांत हे काम होतं, हा मोठाच आधार होता.

मुक्ता_लिहिते

विषय महत्त्वाचा आहे, पण मला मूळ गृहीतकच तपासावंसं वाटतं. शस्त्रांवर खर्च केल्याने अर्थव्यवस्था वाढते हे सिद्ध झालंय का? तोच पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रं, शाळा, सिंचन यात घातला तर जास्त लोकांना काम आणि जास्त फायदा मिळेल. तोफगोळ्यातून पुढे काही निर्माण होत नाही. संरक्षण नको असं मी म्हणत नाही. सुरक्षेसाठी लागतं म्हणून खर्च करा, ते मान्य. त्याला विकासाचं नाव देऊ नका.

आणि निर्यात वाढली म्हणून आनंद मानताना आपण कुणाला विकतो, ते कुठे फुटतं, हा प्रश्नही कुणीतरी विचारला पाहिजे.

ताळेबंद

मुक्ताताई, तुमचा पहिला मुद्दा बराचसा मान्य. रोजगार हाच हेतू असेल तर संरक्षण हे योग्य क्षेत्र नाही. एक कोटी रुपयात कापड उद्योग किंवा अन्नप्रक्रिया जितके हात कामाला लावते तितके हात तोफखाना लावत नाही.

पण हिशेब असा मांडून बघा. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी. त्यात सुमारे १.६१ लाख कोटी पेन्शन, बराच मोठा भाग पगार आणि रोजचा खर्च. भांडवली खर्च १.८० लाख कोटी. शस्त्रं घ्यायची की नाही हा निर्णय सीमेवरची परिस्थिती ठरवते, तो खर्च होणारच. आपल्या हातात एवढंच राहतं की ते पैसे तूलूझला, तेल अवीवला जातील की भोसरी-सातपूर-हिंगण्याला. त्या वर्षी आधुनिकीकरणाच्या रकमेपैकी ७५ टक्के, म्हणजे १,११,५४४ कोटी, देशी खरेदीसाठी राखून ठेवले. शाळेचे पैसे काढून तोफेला दिले असं इथे होत नाही. परदेशी तोफेचे पैसे देशी तोफेला दिले जातात.

अट एकच, देशी वस्तू खरोखर देशी हवी. इंजिन, सेन्सर, चिप बाहेरून आणून फक्त जुळणी केली तर पैसा एक वळसा घेऊन बाहेरच जातो. स्टॉकहोमच्या सिप्री या संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार २०२०-२४ मध्ये भारत जगातला दुसऱ्या क्रमांकाचा शस्त्र आयातदार होता, युक्रेननंतर. रशियाचा वाटा ३६ टक्क्यांवर आला, २०१०-१४ मध्ये तो ७२ होता. पुरवठादार बदलले, अवलंबित्व तेवढं कमी झालं असं म्हणता येत नाही.

निर्यातीबद्दल तुमचा प्रश्न योग्य आहे. आर्मेनियाला पिनाक, फिलिपिन्सला ब्राह्मोस हे निर्णय परराष्ट्र धोरणाचे आहेत आणि त्यावर संसदेत आत्ता होते त्याहून कितीतरी जास्त चर्चा व्हायला हवी.

सातपूरकर

नाशिकची गोष्ट. ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ पासून, मिग-२१ साठी उभा राहिला. मग मिग-२७, मग सुखोई-३०. सुखोई दोनशेहून जास्त बांधली. सातपूर, अंबडमधल्या कित्येक युनिटनी विमानाचे सुटे भाग करायला शिकून घेतलं. मग सुखोईची ऑर्डर संपत आली आणि पुढे काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ज्यांचा सगळा भार एचएएलच्या कामावर होता त्यांनी काय सोसलं ते आम्ही जवळून पाहिलंय. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंची ऑर्डर आली. १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस मार्क-१ए ची तिसरी लाइन आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी लाइन ओझरला सुरू झाली, वर्षाला आठ तेजस इतकी क्षमता. आता वातावरण बदललंय, फोन वाजू लागलेत.

पण एक गोष्ट धाग्यात अजून आली नाही : डिझाइनचा हक्क. परवान्यावर विमान बांधताना ड्रॉइंग मूळ कंपनीचं. दुसऱ्या ग्रेडचा मिश्रधातू वापरून तोच भाग चांगला होईल हे तुम्हाला कळत असतं, पण बदल करायचा अधिकार तुमचा नसतो. इतकी वर्षं मिग आणि सुखोई बांधून आपण उत्तम कारागीर झालो, डिझाइनर झालो नाही. तेजसचं मोल मला त्यामुळे वाटतं. त्यात चुकलं तरी दुरुस्त आपणच करतो.

ताळेबंद

सातपूरकर, आणि तेजसमध्येही इंजिन अडलं. ९९ एफ-४०४ इंजिनांची ऑर्डर २०२१ ची, पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. कारण काय, तर आधीची ६५ इंजिनं देऊन झाल्यावर अमेरिकेत ती लाइनच बंद होती, ती पुन्हा उभी करावी लागली. भोसरी_मिलिंग म्हणतात तेच तिकडेही झालं. आपण सलग ऑर्डर दिली नाही, त्यांनी लाइन मोडली, आणि आपलीच विमानं इंजिनाविना उभी राहिली.

एचएफ-२४ मरुत आठवा. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांनी बंगळूरला रेखाटलेलं विमान, १९६१ मध्ये उडालं. विमान देखणं होतं, पण त्याला हवं तसं इंजिन मिळालं नाही. ब्रिटिश कंपनीचं जास्त ताकदीचं इंजिन विकसित करायचा खर्च आपण उचलला नाही, आणि मरुत शेवटपर्यंत ऑर्फिअस ७०३ वरच उडत राहिलं. १९७१ मध्ये लोंगेवालाच्या आसपास चांगली कामगिरी केली, पण ज्या वेगासाठी ते आखलं होतं तो त्याला कधीच गाठता आला नाही. कावेरी या देशी इंजिनाचं काम १९८९ पासूनचं आहे. इंजिनावर पैसे आणि धीर दोन्ही घातल्याशिवाय लढाऊ विमान आपलं झालं असं मी म्हणणार नाही.

हानोव्हरहून

जर्मनीत राहते, इथलं थोडं सांगते. शीतयुद्ध संपल्यावर युरोपने दारूगोळ्याच्या लाइन बंद केल्या. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे द्यायचं कबूल केलं. मार्च २०२४ पर्यंत साधारण निम्मेच जमले. पैसा होता, तंत्रज्ञान होतं, कारखाने कमी पडले. इथून जवळच उंटरल्यूसला राइनमेटालने नवा कारखाना उभारला, २०२७ पर्यंत वर्षाला साडेतीन लाख गोळ्यांचं लक्ष्य आहे. पण तो उभा राहण्याआधी सरकारने कित्येक वर्षांची खरेदी कबूल केली. वरणगावकर काका जे लिहितात ते इथे लोकांना युद्ध दारात आल्यावर कळलं.

पऱ्हाटी

हानोव्हरताईंच्या पोस्टला जोडून. युरोपात गोळे कमी पडले त्याचं एक मोठं कारण नायट्रोसेल्युलोज. प्रोपेलंटचा तो पाया, आणि तो बनतो कापसापासून. सरकीला जिनिंगनंतर जो आखूड तंतू चिकटून राहतो तो लिंटर. युरोप हा लिंटर मोठ्या प्रमाणात चीनकडून घेत होता, हे त्यांच्याच मोठ्या अधिकाऱ्यांनी बोलून दाखवलं. लाकडाच्या लगद्यापासूनही बनवता येतं, पण कारखाना त्यासाठी बदलावा लागतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे कापूस पिकतो, सरकी निघते, तेलगिरण्या आहेत. भंडाऱ्याला प्रोपेलंट बनतं, चांद्याला गोळे भरतात, नागपूरजवळ सोलार इंडस्ट्रीज स्फोटकं, रॉकेटं आणि नागास्त्र ड्रोनसारखी शस्त्रं बनवते. म्हणजे बोंडापासून गोळ्यापर्यंत सगळं विदर्भात. तरी शेतकऱ्याला सरकीचा भाव ढेपेच्या आणि तेलाच्या हिशेबानेच मिळतो. चांगल्या प्रतीचा लिंटर काढायची यंत्रणा गिरणीत बसवायला मदत केली, आणि त्याची खरेदी दोन-चार वर्षांसाठी बांधून दिली, तर संरक्षण उद्योगाचा थोडा पैसा गावात येईल. टक्केवारीच्या कोणत्याच यादीत हे दिसत नाही.

आणखी एक. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या फॅक्टरीत स्फोट होऊन ८ कामगार गेले. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावला खासगी कारखान्यात ९ जण गेले. उत्पादन दुप्पट करा म्हणताना ही माणसं कुणाच्या हिशेबात आहेत? घाईच्या ऑर्डरमध्ये पहिला बळी सुरक्षेचा जातो. त्यात कंत्राटी मुलं-मुली जास्त असतात, गावातल्याच घरांतली.

जुना_वरणगावकर

पऱ्हाटी, तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलंत. स्फोटकाच्या इमारतीत एका वेळी किती माणसं आणि किती माल असावा याची पाटी दारावर लावलेली असते. टार्गेट अंगावर आलं की पहिल्यांदा ती पाटी मोडली जाते. वर्षअखेरीला मार्चमध्ये सगळा माल काढायची पद्धत बंद झाली पाहिजे. काम वर्षभर सारखं वाटलं गेलं तर उत्पादनही नीट होतं आणि माणसंही घरी सुखरूप जातात. दादांचा सातत्याचा मुद्दा याला सगळ्यात जास्त लागू आहे.

मुक्ता_लिहिते

ताळेबंद, "खर्च होणारच आहे, तो कुठे जाणार एवढंच आपल्या हातात" ही मांडणी मला पटते. पऱ्हाटींच्या मुद्द्यानंतर माझी मागणी अशी राहील : देशी खरेदीच्या प्रत्येक मोठ्या करारात कामगार सुरक्षेचा खर्च वेगळा दाखवावा. सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम द्यायचं म्हटलं की तो खर्च आधी कापला जातो.

भोसरी_मिलिंग

मुक्ताताई, अगदी बरोबर. एल-१ (सगळ्यात कमी बोलीला काम) मुळे सुरक्षाच नव्हे, तपासणीची उपकरणं, हीट ट्रीटमेंट, सगळ्यातच काटछाट होते. रोज बघतो.

टेकऑफ_२४

मी आणि माझा मित्र पिंपरीत ड्रोन बनवतो. लष्कराच्या चाचणीला जायचं म्हणजे सगळा खर्च आपला, आणि ऑर्डरची काही हमी नाही. आयडेक्स या सरकारी योजनेतून अनुदान मिळवता येतं, पण त्यापुढे खरेदी होईलच असं नाही. मोटर आणि फ्लाइट कंट्रोलर चिनी वापरले तर स्वस्त पडतं, पण चिनी भाग निघाले म्हणून लष्कराने ड्रोनचे करार रद्द केल्याच्या बातम्या वाचल्या. देशी मोटर घ्यावी तर महाग आणि वेळेवर मिळत नाही. घरचे म्हणतात नोकरी धर. अनुभवी लोकांनी सांगावं, यात उतरावं की नाही?

सातपूरकर

उतर, पण फक्त लष्करावर भिस्त ठेवू नकोस. शेती, खाणी, सर्वेक्षण असं एक नागरी गिऱ्हाईक आधी धर. आमच्याकडे जे टिकले त्यांच्याकडे एचएएलच्या जोडीला वाहनाचं किंवा इलेक्ट्रिकलचं काम होतं.

गोदीवाली

आणि पूर्ण ड्रोन करणारे पुष्कळ आहेत. मोटर, बॅटरी पॅक, गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी जोडणी) यातला एक भाग उत्तम करणारे फार कमी. देशी मोटर वेळेवर मिळत नाही म्हणतोस ना, मग ती दहा ड्रोन कंपन्यांना हवी असणार.

भोसरी_मिलिंग

टेकऑफ, गोदीवाली ताईंचा सल्ला नीट मनावर घे. मोटरचं करायचं ठरवलंस तर स्टेटरचं लॅमिनेशन आणि वाइंडिंग चाकण-भोसरीत होऊ शकतं, पंपाच्या आणि फॅनच्या मोटरी करणारी माणसं इथे पिढ्यान्पिढ्या आहेत. मॅग्नेट मात्र बाहेरून येतं आणि ते बहुतेक चीनच्या हातात आहे, तेव्हा ते कुठून घेणार याचं उत्तर पहिल्या दिवशी तयार ठेव. कुठलीही पीओ घेताना तीन गोष्टी लिहून घे : तपासणी किती दिवसांत होणार, ड्रॉइंगवर हक्क कुणाचा, आणि प्रोटोटाइप पास झाल्यावर किमान किती नगांची खरेदी. तिसरं कुणी सहजासहजी देणार नाही, तरी माग. फिक्स्चर आणि पहिल्या नगांच्या मशीनिंगला माझ्या शॉपवर ये, साहित्याचा खर्च तेवढा तू कर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोस का?